पडद्यावरचे जॅकेट आणि कोकणचा पाऊस

पावसाळी सहलींचा हंगाम आला की मुरूडच्या बाजारात आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "चाचा, सिनेमात असते तसे विलायती जॅकेट आहे का?" २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून मुंबईचे गिऱ्हाईक मोटारीसह आपल्या किनाऱ्यावर उतरते आणि अलिबाग, काशीद, जंजिरा करीत फिरते. म्हणून आमच्या तरुण दुकानदारांना वाटते की हा माल ठेवावा, नफा चांगला सुटेल. पण हा माल मुळात काय आहे, हे समजल्याशिवाय त्यात पैसा अडकवू नये. त्यासाठीच हा लेख.

२००६ सालच्या 'द क्वीन' या चित्रपटात राणी एलिझाबेथची भूमिका करणारी हेलन मिरन स्कॉटलंडच्या माळरानावर मेणकापडाचे जॅकेट घालून गाडी चालवते. २०१२ सालच्या 'स्कायफॉल'मध्ये डॅनियल क्रेग, म्हणजे जेम्स बाँड, तशाच जॅकेटात दिसतो. दोन्ही जॅकेटे बार्बर कंपनीची. पाहणाऱ्याला वाटते की हा राजेरजवाड्यांचा पोशाख आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जॉन बार्बर यांनी १८९४ साली इंग्लंडमधील साउथ शील्ड्स बंदरात दुकान काढले, ते खलाशी, मच्छीमार आणि गोदीतील मजूर यांना पावसापासून वाचवणारे कपडे विकण्यासाठी. आधी हा कष्टकऱ्यांचा कपडा होता. शिकारी, जमीनदार आणि राजघराणे यांच्या अंगावर तो नंतर आला.

त्यामागची युक्तीही दर्यावर्दी लोकांचीच. शिडाच्या कापडाला जवसाचे तेल चोळले की पाणी आत शिरत नाही. पण असे कापड थंडीत कडक होई आणि पुढे पिवळे पडे. म्हणून घट्ट विणीच्या सुती कापडात मेण मुरवण्याची रीत आली. त्यांचे दुसरे कापड म्हणजे ट्वीड, जाड लोकरी विणीचे. त्याचे रंग माती, गवत व दगडाचे असतात, कारण शिकाऱ्याला माळावर लपून राहायचे असते.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे 'खाकी' शब्द ऐकताच 'खाक' म्हणजे माती आठवते. हा रंग १८४० च्या दशकात पेशावरकडील गाइड्स पलटणीने वापरात आणला आणि तेथून तो जगभर गेला. घोडेस्वारीची जोधपुरी ब्रीचेस जोधपूरचे सर प्रतापसिंह यांनी १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या वेळी विलायतेत नेली. 'डंगरी' हे नाव तर मुंबईच्या डोंगरी भागातील जाड्याभरड्या कापडावरून पडले. आणि आपले इरले व घोंगडी तरी काय आहेत? इरले पाठीवर घेऊन बाई दोन्ही हात मोकळे ठेवून भात लावते. घोंगडीच्या लोकरीत मूळचा स्निग्धपणा असतो, म्हणून तिच्यावरून पाणी ओघळते. ज्या मुलखात जसा पाऊस, तसा तेथील कामकऱ्याचा कपडा.

नेमका हाच हिशेब आम्ही चुकवला. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही थंड आणि बारीक. रायगड जिल्ह्यात साधारण ३००० मिलिमीटर पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत आणि उकाड्यात. तेथे जॅकेटाने ऊब मिळते, येथे माणूस आतून घामाने भिजतो. मेण उन्हाळ्यात मऊ होऊन बोटांना लागते. कपाटात कोंडून ठेवले तर बुरशी धरते. शिवाय असले जॅकेट यंत्रात धुता येत नाही आणि त्याला वरचेवर पुन्हा मेण चोळावे लागते. सिनेमात जॅकेट दिसते, ही मेहनत दिसत नाही.

अस्सल माल महाग, म्हणून २०१३ साली आम्ही एका घाऊक व्यापाऱ्याकडून तशी दिसणारी साठ जॅकेटे उचलली. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर होता. दमट व उष्ण हवेत हा थर हळूहळू विघटतो, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. दोन पावसाळे खोक्यात राहिलेला माल उघडला तेव्हा थर कांद्याच्या सालीसारखा सुटत होता. पहिल्या वर्षी ज्यांनी नेले होते, तेही परत आले. त्यांतील एक कॉलेजचा मुलगा गडावर जाऊन चिंब भिजला होता. आम्ही सर्वांचे पैसे परत केले. नुकसान भरून यायला दोन हंगाम लागले, आणि त्या मुलाच्या घरचे गिऱ्हाईक कायमचे तुटले.

तेव्हा व्यापारी बांधवांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, 'पाणी झटकणारे' व 'पाणी अडवणारे' यांत फरक आहे. पहिले नुसत्या शिडकाव्यापुरतेच उपयोगी. दोन, जॅकेट उलटून शिवण पाहावी. आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी टाक्यांच्या भोकांतून येते. तीन, थर दिलेला माल एका हंगामात खपेल तेवढाच घ्यावा आणि तो प्लास्टिकमध्ये कोंडू नये. चार, गिऱ्हाइकाला खरे सांगावे. शोभेसाठी हवे असेल तर हिवाळ्यात महाबळेश्वरला घाला म्हणावे. जुलैत गड चढायचा असेल तर काखेत हवा खेळणारा हलका रेनकोट द्यावा.

त्यात नफा थोडा कमी मिळेल, पण गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यातही आपल्याच दुकानाची पायरी चढेल.