विज्ञान विभागातली समता मोजायची कशी?

विभागात स्त्रिया किती, वंचित समाजांतले अध्यापक किती, एवढी गणती म्हणजे समतेचा आढावा नव्हे. नियुक्तीनंतर साधने कोणाला मिळतात, हेही तपासावे लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या दशकात टेप घेऊन प्रयोगशाळाच मोजल्या. तेव्हा तिथल्या सहा विज्ञान विभागांत कायम पदावरच्या स्त्रिया अवघ्या 15 होत्या, पुरुष दोनशेच्या आसपास. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात जागा, वेतन, पुरस्कार आणि निर्णयातला वाटा यांतली तफावत नोंदवली गेली. त्यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा की, तरुण प्राध्यापिकांना भेदभाव फारसा जाणवत नव्हता. ज्येष्ठता वाढली तसे बाजूला पडणे वाढत गेले. नुसती भरतीची आकडेवारी पाहिली असती, तर हे दिसलेच नसते.

यावर आक्षेप येतो, की विज्ञानात गुणवत्ताच पाहावी. अगदी मान्य, पण गुणवत्ता पारखणारी नजर निर्दोष आहे का? 2012 साली अमेरिकेतल्या 127 विज्ञान प्राध्यापकांपुढे एकच अर्ज ठेवला गेला, काहींना ‘जॉन’च्या नावाने, काहींना ‘जेनिफर’च्या. जॉनला सरासरी 30,238 डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला 26,508. स्त्री प्राध्यापकांचा कलही तसाच होता. एका विभागातले आकडे लहान असतात, त्यावरून अनुमान काढू नये, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अनेक वर्षांच्या नोंदी ठेवून मुलाखतींची जोड द्यायला हवी. प्रत्येक विद्यापीठाने जागा, निधी आणि पगार यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.