करवंदाची जाळी की करंज?

एक्स्प्रेस वेवर उर्से टोलनाका आला की तुमचं लक्ष कुठे असतं? रांगेकडे, नाहीतर मोबाईलकडे. माझंही तसंच. पण मागच्या मे महिन्यात मला तिथून आत, उर्शाला जावं लागलं. काकांच्या जमिनीवर सोमवारी जेसीबी येणार होता. गाडी आत न्यायची तर वाट रुंद हवी, आणि वाटेच्या एका बाजूला करवंदाची जाळी, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठचा करंज. एक जाणारच.

"तू ठरव, तू शिकलेली!" काका म्हणाले. (एमबीएला हा पेपर नव्हता.)

माझं मत लगेच करंजाला. एप्रिलमधली त्याची कोवळी, तकतकीत पालवी बघितलीय? बाकी माळ करपलेला आणि हा हिरवागार. शेंगवर्गातला असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. युरोपात नदीकाठचा आल्डरही हेच काम करतो, फक्त त्याचे जिवाणू वेगळे. शिवाय बियांचं तेल पूर्वी दिव्याला, खरजेला. पेंड शेताला खत. मुळं ओढ्याची दरड धरून ठेवतात ते वेगळंच. एकदम मल्टिटास्कर!

आणि करवंद? काटे, तेही जोडीजोडीने, आणि तोडलं की हाताला चिकटणारा चीक. ख्रिसमसला मॉलमध्ये टांगतात ती हॉली आठवा. तशीच सदाहरित, टोचरी आणि फळांनी भरलेली. फरक एवढाच की हॉलीची फळं खाल्ली तर पोट बिघडतं आणि करवंदं आपण मीठ लावून खातो.

"जाळी काढा," मी म्हणणार, तेवढ्यात काकू टोपली घेतलेल्या एका बाईंना घेऊन आल्या. दर उन्हाळ्यात त्या याच जाळीतली करवंदं काढतात, पानांच्या द्रोणात भरून हायवेच्या कडेला विकतात. जाळीच्या आत बुलबुलाचं घरटं होतं, ते त्यांनीच दाखवलं. हात न लावता, काठीने फांदी जरा बाजूला करून.

"काटे हायेत म्हणून तर पाखरू ऱ्हातंय," त्या म्हणाल्या, आणि द्रोण माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

रविवारी रात्री जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हटलं. ॲडव्हान्स बुडाला. वाट तेवढीच राहिली, गाडी मी बाहेर रस्त्यावर लावते, आणि पावसात तिथून घरापर्यंत चिखल तुडवताना काका दर वेळी विचारतात, "कोणी ठरवलं होतं गं?"