खारबांध आणि खाडीकाठचा वनस्पतिसमाज

खाडीकाठच्या तिवरांच्या दाट राईत झाडांची एखादी सरळ ओळ दिसली, तर तिचे मूळ मानवी उद्योगात शोधावे. भरतीचे पाणी आपल्या वाटा वळणावळणाने कोरीत असते. पेण व अलिबाग तालुक्यांतील खाड्यांच्या काठी अशा ओळी जागोजागी आढळतात, आणि त्या ध्यानात घेतल्याखेरीज तेथील वनस्पतिसमाजाची रचना उलगडत नाही.

या भागात खाजणास बांध घालून भातशेती करण्याची वहिवाट फार जुनी आहे. तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये अशा 'शिलोत्री' जमिनींची माहिती दिलेली आहे. बांधात उघाडी ठेवीत. ओहोटीच्या वेळी तिच्यातून पावसाचे पाणी बाहेर जाई व भरतीच्या वेळी खारे पाणी अडविले जाई. बांधाची डागडुजी शेतकरी सामुदायिक श्रमाने करीत. पुढे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात व १९७९ मध्ये महाराष्ट्रात खारभूमीविषयक कायदे झाले. तथापि जेथे बांधाकडे दुर्लक्ष झाले तेथे खांडी पडल्या, आणि भाताच्या खाचरांत तिवर उगवले.

हे तिवर म्हणजे मूळच्या वनाचे पुनरागमन होय, असा समज साहजिक आहे. परंतु तो अपुरा आहे. बांधाबाहेरच्या पुळणीवर प्रत्येक भरती गाळ आणून टाकते. बांधाआड गाळ येणे थांबते, आणि निचरा झालेली माती आकसून दबते. त्यामुळे पुष्कळ वर्षे कसलेली जमीन बाहेरच्या पातळीहून खाली गेलेली असते. समुद्रकाठच्या झाडांच्या बाबतीत अशा लहानशा उंचसखलपणालाही मोठे महत्त्व आहे, कारण मुळे किती वेळ पाण्याखाली राहतात हे त्यावर ठरते. खांडीतून आत शिरलेले पाणी सखल खाचरात तुंबून राहिले, तर श्वसनमुळे बुडून रोपे मरतात. पाणी उथळ राहून उन्हाळ्यात आटले, तर मातीत मीठ साचते व मोरस (सुएडा) किंवा सेसुव्हियम यांसारख्या मांसल पानांच्या वनस्पतींखेरीज फारसे काही तग धरीत नाही. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात क्षारतेचे मोठे चढउतार सोसणारे तिवर (ॲव्हिसेनिया मरिना) प्रथम जम बसविते. कांदळाची (ऱ्हायझोफोरा) लांब अंकुरित फळे भरतीबरोबर तरंगत यावी लागतात. खांड अरुंद असेल तर ती आत पोचण्याचा संभव कमी. म्हणून एकाच जातीची व जवळजवळ एकाच वयाची राई आढळल्यास ती ऱ्हास पावलेले वन समजण्यापूर्वी बांध केव्हा फुटला याची चौकशी करणे इष्ट.

खुद्द बांधावरचा समाज निराळाच असतो. ती जागा उंच व कोरडी असल्याने तेथे गेवा, वनजाई, भेंडी अशी भरतीच्या वरच्या मर्यादेवरील झाडेझुडपे वाढतात. आरंभी उल्लेखिलेल्या सरळ ओळींचा उगम येथे आहे. बांध खचून गेला तरी ही ओळ दीर्घकाळ टिकते, आणि अभ्यासकाला तीच जुन्या नकाशासारखी उपयोगी पडते.

संरक्षणाचा प्रश्न येथे बिकट होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने राज्यभर तिवरतोडीस मनाई केली, आणि २०१८ च्या निर्णयात, जमिनीची मालकी कोणाचीही असो, तिवरक्षेत्राच्या रक्षणाचे तत्त्व कायम ठेवले. शहरांच्या भरावापुढे या मनाईवाचून खाड्यांचा टिकाव लागणे कठीण होते, यात संशय नाही. परंतु सातबाऱ्यावर ज्याचे भातशेत आहे व ज्याच्या खाचरात खांड पडून तिवर वाढले आहे, त्या शेतकऱ्याला बांध पूर्ववत करणे दुष्कर झाले. वनस्पतिशास्त्रज्ञाने हा तंटा केवळ कायद्याचा मानून बाजूस सारणे बरे नव्हे; राई किती जुनी आहे आणि बांधापूर्वी तेथे काय असावे, हे सांगण्याची साधने त्याच्याच हाती आहेत.

रोपवनाविषयीही हेच खरे. जमिनीची पातळी न मोजता रोपवाटिकेतील रोपे ओळींनी लावली, तर पुष्कळशी मरतात. जेथे जमीन तिवरांसाठी राखण्याचे ठरले आहे, तेथे प्रथम खांड रुंद करावी, बांधाने तोडलेल्या जुन्या ओहळांची तोंडे मोकळी करावी आणि एकदोन पावसाळे वाट पाहावी. बीज बहुधा भरतीबरोबर आपण होऊन येते. जे येत नाही तेवढ्यापुरतीच लागवड मग करता येईल.