नवऱ्यांनी घडवलेल्या बायका?

जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं, गोपाळरावांनी आनंदीबाईंना डॉक्टर केलं, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना तयार केलं आणि अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांना हात दिला. पुण्यातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास बहुतेक वेळा या चार गोष्टींत आटोपतो. शाळेतली भाषणं, जयंतीचे लेख, स्मरणिका सगळीकडे हेच. चारही गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच त्यांच्याबद्दलचा गैरसमज टिकून राहिला आहे. या बायकांना अक्षरं कुणी शिकवली, एवढंच त्या गोष्टी सांगतात. अक्षरओळखीपासून पेशापर्यंत, पेशापासून संस्थेपर्यंत आणि एका बाईपासून दुसरीपर्यंत हे काम कसं पोचलं, हे त्यांत येत नाही. तो प्रवास कागदपत्रांतून पाहिला की त्यात वारंवार बायकांचीच नावं सापडतात: शिकवणाऱ्या, पैसा उभा करणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या, घर सांभाळून संस्था चालवणाऱ्या. पुरुषांचं श्रेय कमी करण्याचा इथे हेतू नाही. पुराव्यात जे उघड आहे ते त्याच्या जागी ठेवायचं आहे.

सावित्रीबाईंपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त आदर आणि सगळ्यात जास्त ढोबळपणा त्यांच्याच वाट्याला आला आहे. त्यांना घरी जोतीरावांनी शिकवलं, हे खरं. पण 1827 मध्ये जन्मलेल्या जोतीरावांना मुलींच्या शाळेची कल्पना कुठून आली? त्यांनी स्वतः अहमदनगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचा उल्लेख केला आहे. ती शाळा पाहून आपल्यावर परिणाम झाला, असं ते सांगतात. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षणही नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात झालं. म्हणजे सावित्रीबाई शिक्षिका झाल्या त्या शिक्षकी पेशाचं रीतसर शिक्षण घेऊन, आणि ते देणाऱ्या बायका होत्या. हौसेने नवऱ्याच्या शाळेत जाऊन बसणारी पत्नी आणि प्रशिक्षित शिक्षिका यांत मोठं अंतर आहे, आणि आपण सांगतो त्या गोष्टीत नेमकं तेच गळून पडतं.

दुसरा पुरावा त्यांच्या पत्रांचा. जोतीरावांना त्यांनी लिहिलेली 1856, 1868 आणि 1877 मधली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत, आणि तिन्हींत त्या एकट्याने निर्णय घेताना दिसतात. 1856 चं पत्र आजारपणात माहेरी, नायगावला असतानाचं. महार-मांगांसाठी काम करतेस म्हणून भावाने दोष दिला, तेव्हा त्याच्याशी झालेला वाद त्या कळवतात, आणि आपल्या मागे शाळेचा भार फातिमावर पडत असेल याची काळजीही करतात. फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे पुष्कळ वाद झाला. त्यांचं अस्तित्वच नव्हतं इथपर्यंत काही जण गेले, तर काहींनी त्यांचं सविस्तर चरित्रच रचलं. सावित्रीबाईंच्या या पत्रातला उल्लेख मात्र स्पष्ट आहे: फातिमा सहकारी होत्या आणि कामाचा बोजा उचलत होत्या. 1868 च्या पत्रात गावकरी एका ब्राह्मण तरुणाला आणि अस्पृश्य जातीतल्या त्याच्या गरोदर प्रेयसीला मारायला निघालेले असताना सावित्रीबाई मध्ये पडतात आणि दोघांना वाचवून पुण्याला पाठवतात. 1877 चं पत्र जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातलं आहे. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांना अटक झाल्यावर त्या कलेक्टरला भेटून त्यांची सुटका करवतात. नवरा पुण्यात, गाव दुष्काळात, समोर इंग्रज अधिकारी, आणि बोलणी करणारी ही बाई. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून त्याच पुढे चालल्या. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. 10 मार्च 1897 ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या स्वतः प्लेगने गेल्या. पतीच्या निधनानंतरची ही सव्वासहा वर्षं त्यांच्या चरित्रातलं शेपूट म्हणून आटोपली जातात. खरं तर त्या काळातच त्यांचं स्वतंत्र नेतृत्व सगळ्यात स्पष्ट दिसतं.

इथेच आणखी एक समज तपासून घेतला पाहिजे. 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात सुरू झालेली शाळा ही भारतातली मुलींची पहिली शाळा, असं सर्रास म्हटलं जातं. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा 1824 मध्येच काढली होती, आणि नगरला मिस फरार शिकवत होत्या हे वर आलंच. भिडे वाड्यातल्या शाळेचं वेगळेपण असं की ती इथल्याच माणसांनी, मिशनच्या आश्रयाशिवाय आणि धर्मांतराच्या हेतूविना काढली. तिच्या पाठोपाठ त्याच दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1851-52 मध्ये आणखी शाळा काढल्या, महार-मांग मुलामुलींसाठीसुद्धा. ‘पहिली’ हा शब्द काढला तर या घटनेचं मोठेपण कमी होतं, असा आक्षेप येतो. मला उलट वाटतं. ‘पहिली’ म्हटलं की ती शाळा शून्यातून उगवल्यासारखी वाटते, आणि मग तिच्याआधीच्या शिक्षिका आणि नंतरच्या विद्यार्थिनी दोघीही नजरेआड होतात. पैसे संपल्याने बंद पडलेली ही शाळा तीन वर्षांत पुन्हा उभी करणं हे कुठल्याही पहिलेपणापेक्षा अवघड काम आहे. 1852 च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांनी सत्कार केला, तो या चिकाटीचा होता.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीत ‘नवऱ्याने घडवली’ हा समज सगळ्यात घट्ट आहे, कारण गोपाळरावांचा हट्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी बायकोला अभ्यासाला बसवलं, वेळप्रसंगी मारहाणही केली. तिच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना पत्र लिहिणारेही तेच. ते पत्र छापलं गेलं, पण सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्ला होता, आणि त्या वाटेने काहीच घडलं नाही. पुढे जे घडलं ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्यामुळे. 1880 मध्ये ते पत्र त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय मागच्या एका दुःखातून आला होता. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांतच दगावलं, आणि बायकांना बाई डॉक्टर का हवी, हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं. 24 फेब्रुवारी 1883 ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषणात आपण का जात आहोत, एकट्या का जात आहोत, आणि हिंदू राहूनच परत येऊ, हे सांगितलं. एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून निघाल्या तेव्हा गोपाळराव सोबत नव्हते. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांना त्यांनी स्वतः अर्ज केला, आणि 11 मार्च 1886 ला एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू प्रसूतिशास्त्र.

त्यांच्याबद्दलचा दुसरा समज म्हणजे त्या भारतात डॉक्टरकी करणाऱ्या पहिल्या स्त्री. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण कामावर रुजू होण्याआधीच क्षयाने त्या खंगल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच 1886 मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या कादंबिनी गांगुलींनी प्रत्यक्ष रुग्ण तपासले. 1894 मध्ये लंडनहून शिकून आलेल्या डॉ. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटला कित्येक दशकं रुग्णालयं सांभाळली. वैवाहिक हक्काच्या खटल्यात नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायची तयारी दाखवणाऱ्या त्याच या रखमाबाई. त्यांच्या शिक्षणाचं श्रेय कुठल्या नवऱ्याला देणार? आनंदीबाईंचं खरं कर्तृत्व असं की त्या गेल्या, टिकल्या आणि पदवी घेऊन परतल्या, आणि त्या जाण्याचे परिणाम दुसऱ्या बाईच्या आयुष्यात झाले.

ती दुसरी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग अमेरिकेतच थांबून भाषणं देत फिरल्या. 1887 मध्ये त्यांचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियातच प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. त्या पैशातून 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदासदन ही विधवांसाठीची शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. रमाबाईंवरचा नेहमीचा आक्षेप असा की त्यांचं सगळं काम मिशनऱ्यांच्या जोरावर झालं. तारखा पाहिल्या तर तो टिकत नाही. त्यांना संस्कृत शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी. कोलकात्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या त्या 1878 मध्ये. पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली ती 1882 मध्ये. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, म्हणजे ही सगळी कामगिरी त्याआधीची. धर्मांतरानंतरही त्या कुणाच्या हाताखाली वागल्या नाहीत. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांचे कडक वाद झाले, ते पत्रांत नोंदलेले आहेत. 1893 मध्ये शारदासदनाच्या सल्लागार मंडळातल्या हिंदू सुधारकांनी धर्माच्या मुद्द्यावरून राजीनामे दिले. मुलींवर धर्माचा प्रभाव पडत होता का, हा प्रश्न अगदीच निराधार नव्हता, आणि रमाबाईंच्या बाजूने लिहिताना तो टाळू नये. पण त्यावरून त्यांच्या शिक्षणकार्याचं मोल शून्य ठरवणं हा अन्यायच आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणून जगवल्या, त्यांना छपाईपासून विणकामापर्यंत कामं शिकवली. हे कुठल्याही धर्माच्या चौकटीपलीकडे मोजावं लागेल.

शारदासदनात सुरुवातीलाच दाखल झालेल्या विधवांपैकी एक होती गोदूबाई. 1893 मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेबांनी विधवांसाठी संस्था काढली 1896 मध्ये, हिंगण्याला झोपडी उभी राहिली 1900 मध्ये. ‘कर्व्यांनी विधवांना उभं केलं’ या वाक्याच्या मागे, त्यांच्या घरात, एका बाईने चालवलेल्या शाळेत शिकलेली विधवा आधीपासून होती. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. मोठेपणी त्या हिंगण्याला शिकल्या आणि संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. अण्णासाहेबांचं ऋषितुल्य जीवन मान्य करूनही असं म्हणावं लागतं की हिंगण्याच्या पैशाचा आणि माणसांचा हिशोब या दोन बहिणींशिवाय लागत नाही.

रमाबाई रानड्यांच्या बाबतीत पतीचा वाटा खरोखरच मोठा होता आणि त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत तो कृतज्ञतेने नोंदला. त्याच आठवणींत घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा कडवा विरोधही आहे. बायकांनी बायकांना मदत केली हे सगळीकडे खरं नव्हतं, त्यामुळे ही नोंद महत्त्वाची. पण 1882 मध्ये त्यांना घराबाहेरचं पहिलं व्यासपीठ मिळालं ते पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजाचं. न्यायमूर्ती 1901 मध्ये गेले. पुण्याचं सेवासदन निघालं 1909 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. विधवांनी ससून रुग्णालयात जाऊन परिचारिकेचं शिक्षण घ्यावं, हा त्यांचा आग्रह त्या काळच्या पांढरपेशा घरांना धक्का देणारा होता. परपुरुषांच्या जखमा धुण्याचं काम ‘चांगल्या घरच्या’ बाईने करावं हे तेव्हा पटवावं लागत होतं, आणि ते पटवलं याच बाईंनी.

विरोध फक्त अडाणी किंवा सनातनी लोकांचा होता, हाही एक सोयीचा समज आहे. 1884 मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली, आणि तिच्या अभ्यासक्रमावर टीका झाली ती ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांतून, म्हणजे पुण्यातल्या सगळ्यात शिकलेल्या, देशाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या माणसांकडून. लोकमान्य टिळकांचं देशकार्य थोर आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही. देशाबद्दल पुढारलेली दृष्टी असली तरी स्त्रियांबद्दल ती असेलच असं नसतं, हे त्या काळच्या पुण्यात स्पष्ट दिसतं.

आता राहतो सगळ्यात गंभीर आक्षेप: ही सगळी मूठभर उच्चवर्णीय, सुस्थित बायकांची कथा आहे. शारदासदन आणि हिंगणे यांच्याबाबत तो बराच खरा आहे. तिथे आलेल्या बहुतेक मुली ब्राह्मण विधवा होत्या, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण पुण्याची गोष्ट तिथून सुरू होत नाही. 1882 मध्ये पुण्यात छापल्या गेलेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाच्या लेखिका ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या मराठा कुटुंबातल्या. एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रं सगळ्या स्त्रीजातीला दोष देत होती, तेव्हा त्यांनी दोषाचा जाब पुरुषांकडे मागितला. त्यांच्याही आधी, 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाई संपून तेव्हा 37 वर्षं झाली होती. त्या राजवटीत आपल्या लोकांवर झालेले जुलूम या मुलीने पेशव्यांच्याच शहरात बसून, नावानिशी लिहिले. ज्या धर्मात आपल्याला वाचायचाही अधिकार नाही तो आपला धर्म कसा, असा सवाल तिने केला, आणि आपल्या जातीतल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिने त्याच निबंधात मांडलं. हिंगण्याची झोपडी त्यानंतर 45 वर्षांनी उभी राहिली. पुण्यातल्या स्त्रियांच्या कर्तृत्वाची नोंद कुठून सुरू करायची, याचं उत्तर या तारखांच्या क्रमातच मिळतं.