पुणे–नागपूर विमान: तिकिटावरची वेळ नेमकी कशाची?

पुण्यात शिकणारी माझी भाची पहिल्यांदा विमानाने घरी नागपूरला निघाली होती. तिकिटावर 1 तास 25 मिनिटं लिहिलेली पाहून तिने विचारलं, "मामा, विमान ताशी 800 किलोमीटरने जातं ना? मग 700 किलोमीटरला एवढा वेळ कसा?" प्रश्न अगदी रास्त होता, पण त्यात दोन गैरसमज एकमेकांत गुंतले होते.

पहिला अंतराचा. सातशेच्या वरचा आकडा रस्त्याचा आहे. रेल्वेला तर दौंड, मनमाड, भुसावळ असा फेरा पडतो आणि अंतर 900 किलोमीटरच्या घरात जातं. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ हे सरळ हवाई अंतर मात्र सुमारे 605 किलोमीटरच भरतं. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे त्यात थोडी भर पडते इतकंच.

मग तर वेळ आणखी कमी लागायला हवा! इथेच दुसरा गैरसमज येतो. तिकिटावरची सुटायची वेळ उड्डाणाची नसते. विमान उभ्या जागेवरून हलतं ती सुटायची वेळ, आणि उतरून ठरलेल्या जागी थांबतं ती पोचायची. गेट तर त्याच्याही 20-25 मिनिटं आधी बंद होतं, हे ठाऊक नसल्याने कितीतरी जणांचं विमान चुकतं.

मागच्या पावसाळ्यात मी घड्याळ लावूनच बसलो होतो. विमान हललं, पण चाकांनी जमीन सोडायला 16 मिनिटं गेली. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं आणि लढाऊ विमानं एकच धावपट्टी वापरतात. त्यात विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून जायचं नागपूरला असूनही आमचं तोंड मुंबईकडे! वर चढल्यावर मोठं वळण घेऊन ते ईशान्येला लागलं. शिवाय 10,000 फुटांच्या खाली वेग साधारणपणे ताशी 460 किलोमीटरपर्यंतच ठेवतात. ताशी 800 चा वेग मिळतो तो फक्त मधल्या टप्प्यात, आणि एवढ्या प्रवासात तो टप्पा छोटाच असतो. म्हणूनच ताशी 500 च्या आसपास उडणारं पंख्याचं एटीआर विमान जवळच्या मार्गावर जेटपेक्षा फार मागे पडत नाही.

आणखी एक समज चांगली शिकलेली माणसंही बोलून दाखवतात: "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पुण्याकडे येताना विमान लवकर पोचतं." आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटरने पूर्वेकडे सरकते. विमान त्यातून सुटं होत असतं, तर नागपूरवर नुसतं वीसेक मिनिटं तरंगत राहिलं तरी पुण्याचं रेखावृत्त खाली आलं असतं. तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं.

जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळे नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात. पावसाळ्यात खाली वारा पश्चिमेचा असला, तरी जेट विमानं उडतात त्या उंचीवर आपल्याकडे तो पूर्वेचा होतो आणि फायदा पुण्याला येणाऱ्यांना मिळतो.

"उशिरा सुटलं, पण पायलटने पळवलं" हेही फारसं खरं नाही. वेळापत्रकात रांग, वळसे, वारा यांसाठी थोडी सवड आधीच धरलेली असते. रांग लागली नाही की उशीर त्या सवडीतच भरून निघतो.

हे सगळं ऐकून भाचीने वडिलांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी भाऊजींना सांगितलं, विमान 7.40 ला जागेवर थांबेल, पट्ट्यावर बॅग यायला वर वीसेक मिनिटं धरा, आठच्या आधी दाराशी येऊन थांबू नका.