पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट

शाळेच्या पडवीवर पत्रे घातले, की पत्रा जेथे भिंतीला भिडतो तेथे गवंडी सिमेंटची पट्टी मारतो. पहिला पावसाळा निभावतो. पुढच्या जूनमध्ये तेथूनच भिंतीवर ओघळ उतरतात आणि दोष सिमेंटला दिला जातो. आमच्या मते हे काम मुळात सिमेंटचे नव्हेच.

६ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा घ्या. पहाटेच्या आणि भर दुपारच्या त्याच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक सुमारे ०.००००१२; म्हणजे पत्रा जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो. ॲल्युमिनियमचा असता तर साडेपाच. भिंत जागची हलत नाही. या रोजच्या ओढाताणीत ठिसूळ सिमेंट तडकणारच.

म्हणून हा जोड दोन तुकड्यांत करतात. कारागीर त्याला ‘फ्लॅशिंग’ म्हणतात. काटकोनात वाकवलेली एक पट्टी छपराला पक्की करायची आणि भिंतीलगत सुमारे १५ सेंटिमीटर उभी न्यायची, पण भिंतीला ठोकायची नाही. दुसरी पट्टी भिंतीत दोन-अडीच सेंटिमीटर खोल खाचेत बसवून पहिलीवर पदरासारखी सोडायची. आता पत्रा खुशाल सरकू दे.

हा पदर किती लांब हवा? पाणी फक्त खालीच वाहते, असे आपण गृहीत धरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ते केशाकर्षणाने सुमारे ३ सेंटिमीटर वर चढते. त्यात सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा समोरून आदळला, तर त्याचा दाब पाण्याच्या आणखी अडीच सेंटिमीटर उंचीइतका असतो. बेरीज साडेपाच. तेव्हा ८ ते १० सेंटिमीटरचा पदर ही चैन नव्हे. त्याची खालची कड किंचित बाहेर वळवली तर तेथे फट रुंदावते आणि केशाकर्षण तुटते.

कड सेंटिमीटरभर दुमडून घ्यावी. पट्टी ताठ राहते, मुलांचे हातही कापत नाहीत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कात्रीने कापावा. कापलेल्या कडेवर उघडे पडलेले लोखंड शेजारचे जस्त स्वतः झिजून वाचवते. ग्राइंडरने मात्र कडेचे जस्तच जळते, शिवाय उडालेला तप्त लोखंडी कीस पत्र्यावर चिकटून गंजतो. खाचेत जाणाऱ्या भागाला आधी डांबरी रंग द्यावा, कारण ओले सिमेंट अल्कधर्मी असते आणि जस्त व ॲल्युमिनियम दोन्हींना खाते.

केशाकर्षणाचा भाग वर्गात दाखवता येईल. काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला चिकटवून, दुसऱ्या कडेला मध्ये आगकाडी ठेवून रबराने बांधा आणि रंगीत पाण्यात उभ्या धरा. पाण्याची वक्ररेषा निमुळत्या फटीकडे झपाट्याने वर जाते. फटीची रुंदी आणि पाण्याची उंची यांचा गुणाकार ठिकठिकाणी किती येतो, हे विद्यार्थ्यांना काढू द्या.