जामिनाच्या कागदावर कोणाची सही?

टोळीत कोणी अर्ज करून जात नाही. आधी एक कट्टा असतो, मग कट्ट्यावरचा एक थोरला. त्याच्याकडे गाडी असते, चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सच्या खालच्या ओळीत ‘शुभेच्छुक’ म्हणून पंधरा-वीस चेहरे असतात. नववी-दहावीतल्या मुलाला त्या ओळीत आपला चेहरा हवा असतो. शाळेच्या हजेरीपटाखेरीज त्याचे नाव कुठे लागलेले नसते. पुढच्या वाढदिवसाला केक तलवारीने कापला जातो, रील निघते, ती पोलिसांपर्यंत पोचते आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. शेजारी उभा राहून तलवार हातात देणारा मुलगाही त्यात सापडतो. कट्ट्यावरून पोलीस ठाण्यापर्यंतचे हे अंतर एका संध्याकाळचे असते.

पंढरपूरला हे दुरून पाहायची सोय उरलेली नाही. १८ मार्च २०१८ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, शहरातल्या एका नगरसेवकाची हॉटेलात गोळ्या झाडून हत्या झाली. तोवर टोळी म्हटले की मुंबई-पुण्याच्या बातम्या आठवत. मात्र एका खुनापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती या गावातल्या मुलांची रोजची घडी. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर पोट असलेले हे गाव आहे. महाद्वारापासून वाळवंटापर्यंत गंध लावणारी, तुळशीच्या माळा विकणारी मुले दिसतात. गर्दीच्या दिवसांत हाती रोख पैसा येतो आणि शाळा बुडते. गर्दी ओसरली की पैसाही नसतो आणि तुटलेली शाळाही परत जोडली जात नाही. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच. तिच्या काठाने वाळूचा चोरटा उपसा जिथे चालतो तिथे रात्री महसूलची गाडी कुठे आहे हे मोबाईलवरून कळवायला कोणीतरी लागतो. दुचाकी, मोबाईल आणि जागरणाची तयारी एवढ्या भांडवलावर सतरा वर्षांच्या मुलाला हे काम मिळते. ‘लोकेशन देणे’ हा त्याच्या लेखी गुन्हा नसतो. ती त्याची पहिली मिळकत असते.

पुण्यात २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये ‘कोयता गँग’ गाजली, तेव्हा वर्तमानपत्रे वाचून वाटे की अशी एखादी मोठी टोळीच उभी राहिली आहे. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या वस्त्यांतल्या छोट्या-छोट्या टोळक्यांची साथ होती. त्यांत अठरा वर्षांखालची मुले बरीच होती. दहशत बसावी म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडायच्या आणि त्याचे चित्रण पसरवायचे, असा तो प्रकार होता. ज्या कोयत्याने आमच्या सोलापूर जिल्ह्यातला ऊस तुटतो, तोच कोयता तिथे हवेत फिरत होता. कोयता विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचे आधार कार्ड घ्यावे असाही उपाय तेव्हा पुढे आला. हत्यारावर नजर ठेवणे समजण्यासारखे आहे. पण ते हातात घेण्याआधीची दोन-तीन वर्षे तो मुलगा कोणाच्या नजरेत होता, हे कोणत्या नोंदवहीत लिहायचे?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टोळीचा उगम मुलांच्या साध्या खेळगड्यांच्या गटात असतो. शेजारच्या गटाशी भांडण झाले आणि बाहेरून विरोध झाला की तो गट घट्ट होतो, असे त्यांना दिसले. आज कोणतेही तालुक्याचे गाव पाहिले तरी हे पटते. गटाला टोळीचे रूप बहुतेकदा बाहेरून मिळते. तसे नाव ठेवणाऱ्यांत आपणही असतो.

सोलापूर जिल्ह्याला हे नव्याने शिकायची गरज पडू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवले. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर झाली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर जायचे नाही आणि शहरातल्या गिरण्यांत मजुरी करायची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. गावात चोरी झाली की आधी अमक्याच वस्तीवर जीप जाते, हा अनुभव भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकांसमोर मांडला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो याच जगण्याच्या कथनासाठी. संशयित म्हणूनच वाढवलेल्या मुलाला दुसरे काही होण्यासाठी दुप्पट बळ लागते.

याच जिल्ह्यात उलट्या दिशेचे कामही झाले आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. हातभट्टीच्या दारूसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावा-तांड्यांपैकी एकेक गाव एकेका पोलीस अधिकाऱ्याने दत्तक घ्यायचे, भट्ट्या मोडायच्या, पण तेवढ्यावर न थांबता दारू गाळणाऱ्या कुटुंबांशी बोलून त्यांना दुसऱ्या कामधंद्याला लावायचे, अशी ती रीत होती. मुळेगाव तांड्याचे नाव त्या काळात राज्यभर झाले. छापा हे काम त्याआधीही वर्षानुवर्षे होतच होते. नवे होते ते पुन्हा पुन्हा त्याच घरी जाणे आणि ‘उद्यापासून खाणार काय’ हा प्रश्न पोलिसांनी स्वतःचा मानणे. टोळ्यांच्या बाबतीत नेमके हेच करावे लागते.

त्याउलट धिंड. हल्ली हाणामारी करणाऱ्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली जाते, त्यांना हात जोडून माफी मागायला लावले जाते आणि ते चित्रण फिरते. लोक टाळ्या वाजवतात. त्रासलेल्या दुकानदाराचा आणि घाबरलेल्या शेजाऱ्याचा राग खरा आहे, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण लाज आणि भीती घालून मुले सुधारतात का, हे तपासून झालेले आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावण्याचा कार्यक्रम चाले. १९७८ मध्ये त्यावरचा माहितीपट फार गाजला आणि तशा कार्यक्रमांची लाट आली. पुढे काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्यात नेलेल्या मुलांत गुन्ह्यांचे प्रमाण न नेलेल्यांपेक्षा जास्तच आढळले. आपल्याकडे तर धिंडीचे चित्रणच टोळीत मान वाढवते. ज्याला फ्लेक्सच्या खालच्या ओळीत जागा हवी होती, त्याला इथे अख्खा पडदा मिळतो.

कायदा मात्र धिंडीच्या पुष्कळ पुढे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ अठरा वर्षांखालच्या अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे. कलम ७४ त्याची ओळख उघड करायला मनाई करते. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि प्रौढांसोबत केलेला नसेल, तर एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या घरादाराचा सामाजिक अहवाल मंडळाला द्यायचा. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हेही मंडळ तपासून ठरवू शकते. म्हणजे ‘कायदा लहान म्हणून सोडूनच देतो’ ही चावडीवरची समजूत खरी नाही.

ज्या कलमाची चर्चा व्हायला हवी ते निराळेच आहे. कलम ८३ म्हणते की बेकायदा कामासाठी एकट्याने किंवा टोळीने मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ आणखी कडक आहे: गुन्ह्यासाठी मुलाला कामावर ठेवले तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद. पोराच्या हातातला कोयता जप्त होतो, त्याचे छायाचित्र निघते. तो कोयता ज्याने दिला त्याच्यावर ही कलमे लागली का, हे पत्रकारांनी आणि नागरिकांनी प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. टोळीचा थोरला अल्पवयीन पोरांना पुढे करतो तो त्यांची शिक्षा सौम्य असते हे जाणून. त्याचा हिशेब बिघडवायचा असेल तर मुलाला पुढे करणेच त्याला महागात पडले पाहिजे.

बोस्टन शहरात १९९० च्या दशकात टोळ्यांच्या गोळीबारात तरुण मुले मरत होती. तिथे अभ्यासकांना दिसले की शहरातल्या तरुणांपैकी एक टक्क्याहूनही कमी जण टोळ्यांत होते, पण तरुणांच्या खुनांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या खात्यावर होते. १९९६ पासून पोलीस, परिवीक्षा अधिकारी, वस्तीतले कार्यकर्ते आणि धर्मोपदेशक यांनी त्या मोजक्या मुलांना समोर बसवून सांगितले: गोळीबार थांबवा, नाहीतर सगळा कायदा तुमच्यामागे लागेल, सोडायचे असेल तर शिक्षण, काम आणि उपचार आम्ही देऊ. तरुणांचे खून सुमारे ६३ टक्क्यांनी घटले. त्यातले धर्मोपदेशक मला विशेष वाटतात. ते चर्चमध्ये वाट पाहत बसले नव्हते, रात्री रस्त्यावर फिरत होते. ज्या गावात कीर्तनकारांची वाण नाही, मठांचा तुटवडा नाही, तिथे हे सुचायला बोस्टनपर्यंत जायलाही नको. दिंडीत पोरगा शिरला की त्याच्या हाती टाळ किंवा पताका येते, रांगेत त्याची जागा ठरते, चोपदाराचा शब्द त्याला पाळावा लागतो. पण दिंडी आषाढीला संपते आणि कट्टा वर्षभर भरलेला असतो.

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात मोडकी बादली लाथाडताना पाहिले आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. टोळीत वावरलेला अखिलेश पॉल त्यातूनच २०१० साली रिओ दि जानेरोतल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. या कामावर ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट काढणारे नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. फुटबॉलने गुन्हेगारी संपते असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे होईल. बारसे सरांनी चेंडू दिला, आणि त्यानंतर ते तिथे रोज येत राहिले. पंढरपूर-सोलापूरच्या तालमींत पूर्वी वस्ताद हेच करत: पहाटे कोण आला नाही हे त्यांना कळे आणि ते घरी जाऊन विचारत.

पंढरपूर याहून जुने उदाहरणही सांगू शकते. १८७५ मध्ये येथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आणि अनाथांसाठी आश्रम काढला. प्रार्थना समाजाने तो चालवला आणि पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. गाव नावे ठेवत असलेल्या मुलांची जबाबदारी एका सरकारी न्यायाधीशाने घेतली, तीही त्याच्या कामाच्या कक्षेत नसताना.

आजच्या मुलाची कसोटीची वेळ पहिल्या अटकेनंतर येते. मंडळ सोलापुरात, पंढरपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. आईने मजुरी बुडवून जायचे, बाप ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात. अशा वेळी गाडी घेऊन येणारा, वकील देणारा, तारखेला हजर राहणारा माणूस टोळीचाच असेल, तर मुलाची निष्ठा त्या दिवशी कायमची ठरते. बाल न्याय अधिनियमाने यावर एक दार उघडे ठेवले आहे. कलम ५२ नुसार मंडळ किंवा बाल कल्याण समिती पडताळणी करून कोणाही जबाबदार व्यक्तीला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊ शकते आणि कलम १८ खाली मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिच्या देखरेखीत सोडता येते. निवृत्त शिक्षक, तालमीचे वस्ताद, बँकेतली ताई, मठातले महाराज, गॅरेजचा मालक यांपैकी कोणीही त्यासाठी पुढे येऊ शकतो. पंढरपुरात अशी दहा माणसे निघाली, त्यांनी सोलापूरच्या मंडळाकडे आपली नावे दिली आणि प्रत्येकाने एका मुलाच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहिल्या, तर पुढच्या आषाढीच्या आत काम सुरू होऊ शकते.